मदत हवी आहे: शहापूर, बेळगाव – घरी पेशंट बघायला बाई देणारी एजन्सी

शहापूरकर: खात्रीची एजन्सी कोण सांगेल काय? एकीला महिन्याचे पैसे आगाऊ भरले, पंधरा दिवसांत तीन बायका बदलल्या, चौथी येते म्हणून आलीच नाही, आता फोन उचलत नाहीत. सोमवारी मला गोव्याला ड्युटीवर हजर व्हायचंय. वृद्धाश्रमाचे सल्ले नकोत.

निपाणीची लेक: पेशंट कोण? झालंय काय? नळी आहे काय? बारा तास का चोवीस? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

शहापूरकर: आई, ७१. बारा तास पुरे, रात्री बायको बघते.

निपाणीची लेक: अहो पण झालंय काय? नळी असेल तर शिकलेली नर्स लागते, रेट वेगळा.

शहापूरकर: लकवा, उजवी बाजू. कळतं सगळं, बोलता येत नाही. नाकातली नळी गेल्या महिन्यात काढली.

अनगोळचा मामा: एजन्सीच्या नादाला लागूच नका. सासऱ्यांना आम्ही खानापूरकडची ओळखीची बाई ठेवली, दोन वर्षं घरच्यासारखं केलं तिनं. एजन्सी मधल्यामधे पैसे खाते, बाई टिकणार कशी?

कॅम्पातली सिस्टर: मामा, लुळा हात धरून ओढलं की खांदा सरकतो, हे ओळखीच्या बाईला कोण सांगणार? दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कमरेला, टाचेला जखमा. आणि शहापूरकर, आडवं ठेवून पाणी कधी पाजू नका. सरळ बसवून, चमच्याने, जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. ठसका लागून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

अनगोळचा मामा: आमच्या बाईला मी चार दिवसांत शिकवलं की सगळं. माया लागते, सर्टिफिकेट नाही.

चिकोडी ९१: अपंगत्वाचं कार्ड काढलंय काय? ४० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर उपयोग होतो.

शहापूरकर: कार्डाचं नंतर बघतो, मला सोमवारची बाई पाहिजे. तिसरी चांगली होती हो, पण तिला नुसतं कन्नड आणि आईला मराठीच. आई डाव्या हाताने तांब्या दाखवायची, ती डायपर बघायची.

चिकोडी ९१: बेळगावात राहून कन्नड येत नाही म्हणजे काय?

अनगोळचा मामा: मग बाईला मराठी का येऊ नये?

शहापूरकर: मला येतं कन्नड. आईला बोलताच येत नाही, वाद कशाला घालताय.

कॅम्पातली सिस्टर: पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवा: तांब्या, ताट, डायपर, पंखा, दुखतंय. बोट ठेवू दे त्यांना.

निपाणीची लेक: पुढच्या एजन्सीकडनं आधी लिहून घ्या, बाई गेली तर किती दिवसांत दुसरी, नाहीतर पैसे परत. आधार आणि पोलीस व्हेरिफिकेशन बघा. महिन्याचं आगाऊ देऊ नका, आठवड्याचं द्या. बुडालेल्या पैशासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका, पावती आहे ना?

शहापूरकर: पावती नाही, फोनवरून पाठवलेले.

निपाणीची लेक: मग त्याचा स्क्रीनशॉट जपा.

शहापूरकर: सिस्टर, पुठ्ठा केला. आईनं पहिलं बोट पंख्यावर ठेवलं. आम्ही आठ दिवस तिला थंडी वाजते समजून रग घालत होतो, आणि पंखा बंद. बाई अजून मिळालेली नाही, कोण असेल तर सांगा.

अनगोळचा मामा: माझ्या ओळखीची एक आहे, विचारतो. शहापूरात नेमकं कुठं?