मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर तेथे जमणाऱ्या पांढऱ्या पेशी: त्यांना रोखावे की बळ द्यावे?

हापूसबाग:
रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेत आंबे उतरवताना माझा धाकटा भाऊ झाडावरून पडला, त्याला आता सात आठवडे झाले. छातीच्या चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली असून त्याखालची संवेदना आणि पायांची हालचाल गेली आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की, पडण्याच्या क्षणी जे नुकसान झाले त्यात पुढच्या काही दिवसांत शरीराच्याच पांढऱ्या पेशींनी आणलेल्या सुजेमुळे भर पडते. मेंदू आणि मज्जारज्जू रक्तापासून एका अडथळ्याने वेगळे राखलेले असतात, असे मी शिकलो होतो. मग या पेशी तेथे येतात कोठून? त्या घातकच असतील, तर सूज दाबणारे स्टिरॉइड भावाला का दिले गेले नाही? दुसरीकडे नातेवाईक प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे आणून देत आहेत. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, म्हणून जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

पेशीवाचक:
मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवतो, उपचार करत नाही; तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नापुरतेच लिहितो.

मज्जारज्जूच्या आत मुळातच राहणाऱ्या प्रतिकारपेशी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात आणि स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. इजा होताच त्या काही मिनिटांत हालचाल करू लागतात. त्यानंतर काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, पुढच्या काही दिवसांत मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन त्यांचे मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) बनतात, आणि टी-पेशी (ठरावीक लक्ष्य ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) सावकाश, पण दीर्घकाळासाठी येतात. रक्तवाहिन्याच फाटलेल्या असल्यामुळे आपण म्हणता तो अडथळा त्या जागी शिल्लक राहिलेला नसतो.

तथापि सगळ्या पेशी रक्तातूनच येतात, हा आमचा समज गेल्या काही वर्षांत बदलला आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जी आवरणे असतात, त्यांत लसीकावाहिन्या (ऊतींतील द्रव आणि प्रतिकारपेशी वाहून नेणाऱ्या नळ्या) आहेत हे २०१५ मध्ये जोनाथन किपनिस यांच्या अमेरिकेतील आणि कारी अलितालो यांच्या फिनलंडमधील गटांनी उंदरांमध्ये दाखवले. २०१८ मध्ये कवटीच्या अस्थिमज्जेपासून (हाडाच्या आतल्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या भागापासून) थेट आवरणापर्यंत जाणारे सूक्ष्म मार्ग आढळले, आणि २०२१ मध्ये किपनिस यांच्याच गटाने दाखवून दिले की, कवटी आणि मणके यांच्या अस्थिमज्जेतील पेशी रक्ताभिसरणात न शिरता शेजारच्या आवरणांत उतरतात आणि इजा झाल्यास आतही जातात. विशेष म्हणजे रक्तातून आलेल्या मोनोसाइट पेशी अधिक दाहकारक (सूज वाढवणाऱ्या) होत्या, तर शेजारच्या हाडातून आलेल्या पेशींचा कल दाह आवरण्याकडे होता. म्हणजे जो मणका भावाच्या मज्जारज्जूचे कवच आहे, तोच या पेशींचा कोठारही असू शकतो. मला स्वतःला हा शोध फार मोलाचा वाटतो, पण हे सर्व प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे लक्षात असू द्यावे.

आता त्या घातक आहेत का? तुटलेल्या मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणाचा कचरा तसाच राहिला तर तंतूंची वाढ अडते, आणि तो उचलण्याचे काम मॅक्रोफेजच करतात. मात्र याच पेशी दाहकारक अवस्थेत अडकून राहिल्या, तर त्यांच्या स्रावांनी शेजारच्या निरोगी पेशीही मरतात. त्यामुळे पेशी कोणती, एवढेच पाहून उत्तर मिळत नाही. ती कोणत्या दिवशी आली आणि किती काळ राहिली, हेही पाहावे लागते.

पुनर्वसन_ओपीडी:
स्टिरॉइड न देणे ही हयगय समजू नये. १९९० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मिळालेल्या रुग्णांत थोडी सुधारणा दिसली आणि ते जगभर दिले जाऊ लागले. पुढे त्या निष्कर्षाच्या विश्लेषणावर आक्षेप आले, जंतुसंसर्ग आणि पोटातील रक्तस्राव यांचा धोका समोर आला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नये असे म्हटले. काही तज्ज्ञगट आजही आठ तासांच्या आत तो एक पर्याय मानतात, म्हणजे मतभेद खरा आहे. डोक्याच्या दुखापतीत मात्र उत्तर स्पष्ट मिळाले: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०,००८ रुग्णांच्या ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत दोन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण स्टिरॉइड मिळालेल्यांत २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांत १७.९ टक्के होते.

चूर्णांबद्दल माझे मत असे की ती बंद ठेवावीत. निदान काय देत आहात ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. प्रतिकारशक्ती ही सरसकट वर-खाली करता येण्याजोगी एकच गोष्ट नाही. भावाची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर आहे, आणि अशा इजेत प्लीहेकडे (पोटातील, प्रतिकारपेशी साठवणाऱ्या अवयवाकडे) जाणाऱ्या सिम्पथेटिक, म्हणजे आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या नसांवरचा मेंदूचा ताबा सुटतो. परिणामी मज्जारज्जूपाशी दाह चालू असतानाच उरलेल्या शरीराची जंतूंशी लढण्याची क्षमता घटलेली असू शकते. न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांकडे आम्ही इतक्या काळजीने पाहतो, ते यामुळेही.

हापूसबाग:
आपण दोघांनी फार आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. एक शंका राहिली. चांगल्या पेशी बाहेर तयार करून आत सोडण्याचा उपचार आहे का? एका ठिकाणाहून आम्हाला स्टेम सेलच्या (इतर पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) इंजेक्शनांचा मोठा खर्चही सांगण्यात आला आहे.

पेशीवाचक:
तसा प्रयत्न झालेला आहे. इस्राएलमधील मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९८ मध्ये उत्तेजित केलेले मॅक्रोफेज मज्जारज्जू कापलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांत सोडून अंशतः सुधारणा दाखवली. पण माणसांवरील चाचणीचे निकाल २०१२ मध्ये आले, तेव्हा लाभ दिसला नाही. २०२४ मध्ये किपनिस यांच्या गटाने जखमेत आढळलेल्या टी-पेशींचा ग्राहक (लक्ष्य ओळखणारा, पेशीवरील रेणू) मोजक्या काळापुरता दुसऱ्या टी-पेशींवर बसवून उंदरांमधील नुकसान कमी केले. तो काळ मोजका ठेवला, कारण त्या पेशी टिकून राहिल्या तर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटण्याची भीती असते. हा उपचार अद्याप रुग्णालयात मिळणारा नाही.

स्टेम सेलबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच होऊ शकतो, आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा खर्चाचा आकडा सांगितला गेला, यातच आपले उत्तर आहे.

चाकांवरून:
माझी इजा पाचव्या मणक्याची आहे आणि तिला अकरा वर्षे झाली. वर संसर्गाचा उल्लेख आला आहे, म्हणून एवढे जोडतो: भावाला लघवीची जळजळ जाणवणार नाही. माझ्या बाबतीत पायांचे झटके एकाएकी वाढणे, लघवी गढूळ होणे आणि कारण नसताना घाम फुटणे हीच पहिली खूण असते, ताप नंतर येतो. याची नोंद घरातल्या एका माणसाने रोज वहीत ठेवावी. एकाएकी डोके ठणकू लागले, तर त्याला लगेच उठवून बसवावे, कॅथेटरची (लघवी बाहेर काढणारी) नळी कोठे दुमडली आहे का ते पाहावे आणि डॉक्टरांना फोन करावा, कारण या उंचीच्या इजेत रक्तदाब फार वेगाने चढतो.