मेच्या उन्हात व्हिस्कीची चव घ्यायची, की नेहमीसारखं नुसतं बसायचं?

गड्डा_रिटर्न:
मे महिन्यातला तिसरा शनिवार म्हणजे जागतिक व्हिस्की दिन. अ‍ॅबरडीनला शिकणाऱ्या ब्लेअर बोमन नावाच्या पोरानं २०१२ साली हे सुरू केलं. यंदा, २०२६ ला, तो १६ मेला येतोय.

आम्ही आठ जण शाळेपासूनचे. वर्षातून चारदा बसतो आणि दर वेळी तेच. एक खंबा, बर्फाची पिशवी, सोडा, शेंगा चटणी, आणि अकरानंतर नळाला पाणी किती दिवसांनी आलं यावरून भांडण. दुसऱ्या दिवशी कुणालाही विचारा, ब्रँड सांगेल, चव सांगता येणार नाही.

म्हणून यंदा बेत वेगळा केलाय. चार व्हिस्क्या, प्रत्येकी २० मिली. बाटल्यांना पेपर गुंडाळायचा, वर फक्त नंबर. एक आपली नेहमीची, एक स्कॉच ब्लेंड, एक बंगळूरची अमृत सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेली) आणि सगळ्यात शेवटी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट. धुरकट आधी घेतली तर जिभेवर तीच बसते, मागची काही कळत नाही. बर्फ नाही, सोडा नाही, पाणी थेंबाथेंबानं. आणि चटणी, कांदा, मटण सगळं चौथ्या ग्लासानंतर. तोवर तोंड कोरं करायला कडक भाकरीचे तुकडे.

हिशेबही केलाय. आठ जणांना २० मिली म्हणजे १६० मिली, एका क्वार्टरमध्ये भागतं. माणशी एकूण ८०, म्हणजे तीन छोटे पेगसुद्धा नाहीत.

ग्रुपवर निम्मे भडकलेत. माझं काय चुकलं सांगा.

चटणी_शिवाय_नाय:
काय करलालास बे हे! २० मिली? माझ्या पोराला खोकल्याचं औषध याहून जास्त देतो मी. मित्र बोलवायचे, पेपरात गुंडाळलेल्या बाटल्या पुढे ठेवायच्या आणि वास घे, सांग कशाचा येतोय, म्हणायचं. ही बारावीची प्रॅक्टिकल आहे काय? शेंगा चटणी लांब ठेवणार म्हणालास तिथंच तुझ्या सोलापूरकर असण्यावर शंका आली.

होटगी_रोड:
गड्डा, पद्धत बरोबर आहे तुझी, तारीख चुकलीय. स्कॉटलंडच्या मेमध्ये लोक स्वेटर घालून पितात. आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे. इतक्या गरम खोलीत ग्लास नाकाशी नेला की आधी अल्कोहोलच भसकन वर येतं. नाक झोंबतं, बाकी फळ, मध, लाकूड काही कळत नाही. मग कुणीतरी वैतागून बर्फ टाकणार. बर्फानं झोंबणं थांबतं, पण वासही थांबतो. तुझी सगळी तयारी पाण्यात.

मेमध्येच करायचं असेल तर एसीची खोली हवी, आणि बाटल्या आधी अर्धा तास फ्रिजच्या दारात ठेव, फ्रीझरमध्ये नको. ग्लास तोंडाशी निमुळते असू देत, छोटे वाईनचे चालतील. फुलपात्रात ओतू नकोस, त्याचं तोंड बाहेर पसरतं, वास उडून जातो. आणि बोअरचं पाणी अजिबात नको. आमच्या भागात त्या पाण्यानं गीझरची कॉइल पांढरी होते, व्हिस्कीचं काय होईल?

थेंबभर पाणी का, हे तुझ्या मित्रांना सांग म्हणजे ते चेष्टा करणार नाहीत. धुरकट वासाचं ग्वायाकॉल नावाचं एक द्रव्य असतं. पाण्यानं अल्कोहोलची तीव्रता कमी झाली की ते पेल्यात पृष्ठभागाकडे सरकतं, असं २०१७ साली स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं. पाणी घातलं की 'खुलते' म्हणतात ती गंमत नाही.

चटणी_शिवाय_नाय:
ग्वायाकॉल. शनिवारी रात्री. दोस्तांसोबत. बरं.

आजीचं_पंचांग:
उन्हाचं सोडा, कॅलेंडर पाहिलं का कुणी? १६ मेला शनी अमावस्या आहे, शनी जयंती. आठातले किती जण शनिवार धरतात ते मोजा आधी. आणि १७ पासून अधिक महिना लागतोय. म्हणजे रात्री आयलाची धुरकट आणि पुढच्याच आठवड्यात सासूरवाडीला धोंड्याच्या जेवणाला ताटासमोर सोज्वळ चेहरा.

गड्डा_रिटर्न:
तीन जण शनिवार धरतात. हे लक्षातच आलं नव्हतं.

मळीवाला:
मी साखर कारखान्यात काढलीत वर्षं, त्यामुळं माझा आक्षेप वेगळा आहे. 'आपली नेहमीची' या यादीत पहिली ठेवून तू तिचा निकाल आधीच लावलायस. भारतातली बरीचशी स्वस्त व्हिस्की मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर उभी असते, त्यात थोडं माल्ट मिसळतात. युरोपात व्हिस्की धान्याचीच लागते, त्यामुळं मळीची तिथं व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. ती आपल्याच जिल्ह्यातल्या उसाची लेक, आणि तिला तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरलेल्या स्कॉचशेजारी उभी करणार. हरणारच. ही काय स्पर्धा झाली?

तुला खरं नाकच तपासायचं असेल तर नेहमीची दोनदा ठेव, एक आणि तीन नंबरला. कोण ओळखतं बघू. आणि रंगावर जाऊ नका म्हणावं. स्कॉचमध्येसुद्धा कॅरॅमल घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी असं काही नसतं.

होटगी_रोड:
दोनदा ठेवायची कल्पना झकास. पण भारतीय म्हणजे मळीच हे अर्धसत्य झालं. अमृत सिंगल माल्ट बार्लीची आहे, आणि २००४ मध्ये त्यांनी ती आधी स्कॉटलंडमध्येच, ग्लासगोत विकायला काढली, म्हणजे हरण्याची भीती नव्हती. उन्हामुळं आपल्याकडे पिंपातली व्हिस्की लवकर मुरते. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बंगळूरला १० च्या पुढे. तिकडं त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. सोलापुरात पिंप ठेवलं तर देवदूतांना उचलून घरी सोडावं लागेल.

विजापूर_वेस:
अमृतच पाहिजे तर कर्नाटकातून उचल ना. सीमा किती लांब आहे? माझा मेहुणा दर महिन्याला येतो.

पाच_रुपयांचं_परमिट:
असलं काही करू नका. परराज्यातली दारू परवानगीशिवाय आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. दुकानातून घ्या, बिल ठेवा. घरी प्यायलाही परवाना लागतो, हे लोकांना सांगितलं की हसतात. एका दिवसाचा ५ रुपये, आयुष्यभराचा १००० रुपये. आणि व्हिस्कीला वय २५ पूर्ण पाहिजे. कुणाचा तेवीस वर्षांचा भाचा 'फक्त वास घेतो' म्हणून येणार असेल तर त्याला घरीच ठेवा. गाडी चालवणाऱ्यानं ८० मिली म्हणजे काहीच नाही असंही समजू नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती कधीच ओलांडली जाते. रिक्षा करा.

तांड्याकडचा:
रस येत नाही म्हणून गप्प होतो. पण 'दिन साजरा करणं' खटकतं. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर हातभट्टीनं काय केलं ते याच शहरानं पाहिलंय. २०२१ ला ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' काढलं, तेजस्वी सातपुते एसपी असताना. भट्ट्या नुसत्या फोडल्या नाहीत, लोकांना दुसरं काम मिळवून द्यायला धडपड केली. तुम्ही निमुळत्या ग्लासात प्यायलात की तो छंद, आणि तांड्यावरचा माणूस प्लॅस्टिकच्या फुग्यातून हातभट्टी प्यायला की व्यसन?

गड्डा_रिटर्न:
प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की आमचा खंबा संपायचा, आता माणशी ८० मिली. कमी प्यायचा हाच रस्ता मला सापडला.

चटणी_शिवाय_नाय:
थापा मारू नकोस. सिंगल माल्टची क्वार्टर कुठल्या दुकानात मिळते ते दाखव. ७५० चीच घेशील. १६० ओतलीस की ५९० उरते. अशा दोन बाटल्या उघड्या, घरात आठ दोस्त, रात्रीचे साडेनऊ. पुढं काय होतं ते तुला माहितीय, मलाही माहितीय. तुमचं टेस्टिंग म्हणजे बैठकीआधीची आरती आहे.

तांड्याकडचा:
चटणीवाल्याशी पहिल्यांदाच सहमत.

घरात_मीच_असते:
ग्लास निमुळते, पाणी बाटलीचं, एसीची खोली. एसीची खोली म्हणजे बेडरूम, हे मी सांगते. भाकरी कडक कोण करणार? चौथ्या ग्लासानंतरचं मटण कोण शिजवणार? चार गुणिले आठ म्हणजे बत्तीस ग्लास रविवारी सकाळी कोण धुणार? हे एकाच्याही यादीत आलं नाही.

दुसरं, नाकाचाच खेळ आहे तर आम्हाला का नाही बोलवत? फोडणी करपली हे मला हॉलमधून कळतं. नवऱ्याला शेजारी उभं राहून कळत नाही. त्याला म्हणे शेरी वाईनच्या पिंपाचा वास येणार.

गड्डा_रिटर्न:
ताई, मान्य. ग्लास आम्ही धुणार, मटण बाहेरून, आणि येणाऱ्यांत तुमच्यासारख्या नाकाच्या दोघी तरी हव्यात. घरी विचारलंय. उत्तर आलं, 'आधी ग्लास धुऊन दाखव.'

बाटल्यांचंही ऐकलं. सिंगल माल्ट एकच घेऊ, त्यातलं उरलेलं बूच लावून पुढच्या खेपेला. नेहमीची दोनदा ठेवतो, मळीवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे. आणि तारीख बदलतो. शनी अमावस्या आणि ४२ डिग्री, दोन्हींशी भांडायची ताकद नाही. २५ जानेवारीला स्कॉटलंडात रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जन्मदिवसाला व्हिस्कीच असते, सोबत मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा एक पदार्थ. म्हणजे त्यांची वजडीच. हवा थंड, दुसऱ्या दिवशी सुट्टी. २६ ला ड्राय डे, तेव्हा खरेदी आधीच. मळ्यात करू, हुरडाही तेव्हाच असतो.

चटणी_शिवाय_नाय:
हुरडा म्हणालास ना? आता सांग, शेंगा चटणीशिवाय हुरडा कसा खाणार ते.

गड्डा_रिटर्न:
हुरडा चौथ्या ग्लासानंतर.

चटणी_शिवाय_नाय:
गरम हुरडा थांबत नसतो बे. मी आगटीपाशी बसतो, तुम्ही वास घ्या.