उत्तर: मुलाला आलेला कोचचा फोन

प्रेषक: सनीव्हेलकर

नमस्कार मंडळी,

नाटकाच्या तिकिटांच्या मेल्समध्ये मध्येच वेगळा विषय काढते आहे, पण इथे कोणाला तरी माहीत असेल. धाकटा अकरावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू). अभ्यासासाठी नावाजलेल्या एका विद्यापीठाच्या कोचचा परवा फोन आला. खेळाबद्दलचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी गणिताचा कोणता कोर्स घेणार? सगळ्यात अवघड असेल तो घे, पहिल्या सत्राचे मार्क पाठव, मग बोलू." त्याच आठवड्यात दुसऱ्या एका विद्यापीठाने फोनवरच स्कॉलरशिप देऊ केली. पोरगा हिरमुसलाय. गोड बोलून वाटेला लावण्याचा हा प्रकार आहे का?

---

प्रेषक: पालो आल्टोकर

ताई, मुळीच नाही. मुलगा नको असता तर त्यांनी गणिताची चौकशीच केली नसती.

अभ्यासासाठी तसंच नावाजलेल्या स्टॅनफर्डचं उदाहरण देतो, त्यांचे सामने मी 2006 पासून बघतोय. त्या वर्षी संघाने 12 पैकी 11 सामने गमावले होते. मग जिम हारबॉ कोच म्हणून आले, आणि 2007 मध्ये देशात दुसऱ्या क्रमांकावरच्या यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) त्यांच्याच मैदानात 24-23 असं हरवलं. त्या रात्री आम्ही चौघं मित्र दोन वाजेपर्यंत फोनवर होतो. पुढे त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड शॉ यांनी 12 वर्षांत 96 सामने जिंकले, स्टॅनफर्डच्या कुठल्याही कोचपेक्षा जास्त. आणि त्याच शॉ यांनी सलग दोन हंगाम 3-9 (3 विजय, 9 पराभव) गेल्यावर 2022 च्या शेवटी राजीनामा दिला. ते स्वतः तिथेच शिकलेले, तिथेच खेळलेले. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना खेळ कळेनासा झाला, असं मला कोणी सांगितलं तर मी मानणार नाही.

अडचण कुठे आहे ते सांगतो. इतर ठिकाणी कोचला पोरगा आवडला की काम जवळजवळ झालं. स्टॅनफर्डमध्ये प्रवेश कार्यालय त्याचा अर्ज इतर विद्यार्थ्यांसारखाच पूर्ण वाचतं. खेळाडू म्हणून थोडी सवलत मिळते, पण "हो" म्हणायचा अधिकार कोचकडे नसतो. त्यामुळे देशभरातल्या चांगल्या खेळाडूंपैकी ज्यांची प्रगतिपुस्तकं तिथे टिकतील अशी मूठभर मुलं उरतात. त्याच मुलांवर नोटर डेम, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न यांचाही डोळा असतो. कोच नववी-दहावीतल्या मुलाच्या आईवडिलांना भेटतो आणि अवघड विषय घ्यायला सांगतो, ते यासाठीच. तुमच्या मुलाला जे सांगितलं ते त्याच कामाचा भाग आहे.

हे पूर्वीही होतंच, आणि तरी शॉ जिंकत होते. चार-पाच वर्षं एकत्र वाढलेली मुलं, विशेषतः ऑफेन्सिव्ह लाइन (चढाईत पुढे उभी राहून वाट मोकळी करणारी फळी), हीच त्यांची ताकद होती. घडी बसायला वेळ लागायचा, पण बसली की टिकायची. 2021 पासून खेळाडूंना एकही वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. दुसरे कोच डिसेंबरात खिंडार पडलं की जानेवारीत ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) बुजवतात. स्टॅनफर्ड मधल्या वर्षाला फार थोड्यांना घेतं. पदवी झालेला खेळाडू आणायचा तर त्याला मास्टर्सच्या एखाद्या विभागाने रीतसर प्रवेश द्यायला हवा. म्हणजे येणाऱ्यांसाठी दार किलकिलं आणि जाणाऱ्यांसाठी सताड उघडं. 2022 नंतर लाइनमधले अनुभवी खेळाडू एकापाठोपाठ एक गेले. ड्रेक न्यूजंट मिशिगनला जाऊन सेंटर (लाइनमधला मधला खेळाडू) झाला आणि 2023 च्या हंगामात त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. तिथले कोच कोण, तर हारबॉ. मला त्या मुलाचा आनंद झाला, आणि आपल्या मैदानावरच्या रिकाम्या बाकांकडे बघून वाईटही वाटलं.

त्यात 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि 2025 पासून तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. वीस वर्षांपूर्वी कोच घरी येऊन पदवीची किंमत समजावून सांगायचा आणि घरच्यांना ती पटायची. आज त्याच टेबलावर दुसऱ्या कोणीतरी रोख आकडा ठेवलेला असतो. स्टॅनफर्डचाच खेळाडू अँड्र्यू लक 2011 मध्ये एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) पहिल्याच क्रमांकावर निवडला जाईल असं सगळे म्हणत असताना आर्किटेक्चरल डिझाइनची पदवी पुरी करायला थांबला. आज तो स्टॅनफर्डच्याच संघाचा जनरल मॅनेजर आहे. त्याने मुख्य कोच म्हणून आणलाय तविता प्रिचर्ड, 2007 च्या त्या रात्रीचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू). मला या दोघांकडून फार आशा आहे.

---

प्रेषक: नॅशव्हिलकर

पालो आल्टोकर काका, तुमचं सगळं पटलं, पण पोर्टलला दोष देणं पटत नाही. आमच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा अभ्यास काही हलका नाही. क्लार्क ली इथलाच जुना खेळाडू. कोच झाल्यावर पहिलं वर्ष 2-10, तिसरं पुन्हा 2-10. विद्यापीठाने त्याला काढलं नाही. त्याने न्यू मेक्सिको स्टेटमधून डिएगो पाविया हा क्वार्टरबॅक आणला, सोबत तिथले कोचही आणले. 5 ऑक्टोबर 2024 ला पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला आम्ही 40-35 हरवलं. पोरांनी गोलपोस्ट उपटून गावातल्या ब्रॉडवे रस्त्यावरून मिरवत नेला आणि कंबरलंड नदीत टाकला. मी आणि बायको रस्त्याच्या कडेला उभे होतो, आणि विसर्जनाची मिरवणूक आठवून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 2025 च्या हंगामात दहा सामने जिंकलो. प्रवेशाचं दार किती उघडायचं हे विद्यापीठानेच ठरवायचं असतं, आणि तिसऱ्या वर्षीच्या 2-10 नंतर धीरही त्यांनीच धरायचा असतो. कोच एकटा काय करणार?

---

प्रेषक: केंब्रिजकर

ताई, मी काही वर्षं इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवलंय. त्यात फुटबॉलवाली मुलंही होती, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. नियमाप्रमाणे हंगामात सराव आणि सामना मिळून आठवड्याला 20 तास. पण प्रवास, मलमपट्टी, आपणहून व्हिडिओ बघणं यांतलं काही त्यात धरत नाहीत. आणि प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारीच, म्हणजे नेमके सरावाच्या वेळी. माझा एक विद्यार्थी मंगळवारी सरावाला अर्धा तास उशिरा जायचा. त्याच्या कोचने त्याला कधी बोल लावला नाही, उलट त्या दिवशीचा सरावच पुढेमागे केला. अशा ठिकाणी कोचचं अर्धं कौशल्य वेळापत्रक जुळवण्यात जातं, असं मला तेव्हा कळलं.

एमआयटीत संध्याकाळी 5 ते 7 या वेळात वर्ग ठेवतच नाहीत, ती वेळ अभ्यासाबाहेरच्या गोष्टींची. तिथे खेळासाठी एक पैसाही शिष्यवृत्ती नाही, तरी 2014 मध्ये त्यांचा संघ नियमित हंगामात 9-0 होता आणि बाद फेरीतला पहिला सामनाही जिंकला. तेव्हा मुलाला कोचना एवढंच विचारायला सांगा: "लॅब आणि सराव एका वेळी आले तर तुम्ही काय करता?" उत्तर देताना ते किती घुटमळतात ते बघा.

---

प्रेषक: सनीव्हेलकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल्स त्याला मोठ्याने वाचून दाखवल्या. न्यूजंटचं ऐकून गप्प झाला, अलाबामाचा सामना मात्र लगेच शोधून बघितला. कॅल्क्युलसच्या वरच्या कोर्सला नाव घातलंय. लॅबचा प्रश्न त्याने काल कोचना विचारला. ते म्हणाले, "गेल्या हंगामात आमचे चार जण गुरुवारी सरावाला उशिरा यायचे, त्यांच्याशीच बोल," आणि एकाचा नंबर दिला. रविवारी बोलणार आहे.

काका, स्टॅनफर्डच्या पुढच्या घरच्या सामन्याला तुमच्याबरोबर आला तर चालेल का? गाडीने मी सोडेन.