वणवे वाढले की घटले, हे उपग्रहावरून ठरवावं का?

कास_पठारी: होळीच्या आसपास साताऱ्याजवळच्या यवतेश्वर-सज्जनगडाकडचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात आणि वाद सुरू होतो, वणवे वाढले की घटले? माझं मत, उपग्रहाची नोंद प्रमाण धरा. मोडिस 2000 पासून, व्हिअर्स 2012 पासून, ही उपग्रहांवरची उपकरणं रोज आगी टिपतात, नकाशावर त्यांचे ठिपके उमटतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यावरूनच वनखात्याला इशारे धाडते. आठवणी माणसागणिक बदलतात, ही मोजपट्टी बदलत नाही.

वाळव्याचा_शेतकरी: नाही पटत, दादा. ठिपका म्हणजे वणवा नव्हे. ऊस तुटला की आमच्याकडे पाचट पेटवतात. उपग्रहाला नुसती उष्णता कळते, आणि व्हिअर्सचा एक चौकोन 375 मीटरचा, म्हणजे जवळपास 35 एकर. त्यात एकराचं पाचट जळलं तरी ठिपका येऊ शकतो.

कास_पठारी: वनहद्दीचा नकाशा लावला की शेतातले ठिपके गळतात. काही आगी सुटतात, पण दरवर्षी साधारण तेवढ्याच सुटणार. तुलना बिघडत नाही.

वाळव्याचा_शेतकरी: इथंच घोळ आहे. व्हिअर्स दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला जातो. उतारावरचं वाळलं गवत तासा-दोन तासांत राख होतं. गस्त वाढली म्हणून लोक दुपारऐवजी तिन्हीसांजेला काडी लावू लागले, तर तुमचा आलेख खाली येईल आणि डोंगर तितकाच जळेल. मग 'वणवे घटले' म्हणून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत आधीच काढून ठेवलेले पट्टे) काढणाऱ्या मजुरांचा निधी कापला, तर जबाबदार कोण?

पाटणची_लेक: ठिपके सोडा, जळालेलं रान मोजा. सेंटिनेल-2 हा चित्रं काढणारा उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, 20 मीटरपर्यंतचा काळा डाग दाखवतो. काडी कधी लावली याने फरक पडत नाही. मात्र कोयनेच्या दाट झाडीत पाला खालच्या खाली जळतो, तो वरून दिसत नाही. तिथं वनमजुरालाच विचारावं लागेल.

आणि गवत नि जंगल एका बेरजेत घालू नका. 1998 ते 2015 दरम्यान जगातलं जळालेलं क्षेत्र सुमारे चौथ्या हिश्श्याने घटलं, मुख्यतः गवताळ रानं शेतीखाली गेली म्हणून. तरी एकट्या 2024 मध्ये उष्णकटिबंधातलं 67 लाख हेक्टर आदिम जंगल गेलं, त्यातलं निम्म्याच्या आसपास आगीमुळे.

कास_पठारी: ताई, डागांचं मान्य. पण सेंटिनेल-2 2015 नंतरचा. आधीच्या वर्षांसाठी ठिपके मी टाकून देणार नाही.

पाटणची_लेक: त्याआधीची लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेत, 30 मीटरची, सोळा दिवसांनी एक. मार्च-एप्रिलमध्ये आभाळ मोकळं असतं. जावळी-पाटणचे डाग त्यावरून काढा आणि तुमच्या ठिपक्यांशेजारी ठेवा, मग बोलू.