वाघ सोडून बोला: नागपूर शहरातल्या पाखरा-किड्यांचे अनुभव

मी पर्यावरणशास्त्र शिकते म्हटलं की नागपुरात पुढचा प्रश्न ठरलेला: "मग ताडोब्यात किती वाघ पाहिले?" ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, चहूबाजूंनी वाघ म्हटल्यावर हे व्हायचंच. म्हणून इथे अट एकच. अनुभव शहरातला हवा, फार तर शहराच्या कडेच्या गोरेवाड्यापर्यंत. जिप्सी नको, गाइड नको. गच्ची, बाल्कनी, रिकामा प्लॉट, कॉलेजची मागची भिंत चालेल. शिकणारे, शिकून बसलेले, नोकरी भलतीच करणारे, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात मीच करते. आमच्या बाल्कनीत गोडलिंबाची (कढीपत्त्याची) कुंडी आहे. पावसाळ्यात एक लिंबू फुलपाखरू आलं, कोवळ्या पानावर जेमतेम टेकलं, पोट वाकवलं आणि उडालं. मागे एक फिकट पिवळं, गोल अंडं, मिलिमीटरभर. मग शेजारच्या पानावर आणखी एक. अळी निघाली ती काळपट, मधे पांढरा डाग; पानावर चिमणीनेच घाण केली असं वाटावं. वाटावं हाच तिचा डाव, कारण घाण कोण खाणार? कात टाकत टाकत शेवटच्या टप्प्यात तीच अळी हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तेव्हा तिला काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र, आंबूस वास सुटतो. मुंग्या लांब राहतात. आईसुद्धा. "पोह्यात टाकायला एक पान ठेवलं नाही मेल्यांनी," एवढं बोलून तिने फवारणीची बाटली परत ठेवली.

गंमत अशी की काटोलला मामाच्या संत्र्याच्या बागेत हीच अळी नवतीवर पडते आणि मामा तिच्यावर औषध मारतो. त्याचंही चूक नाही. नर्सरीतली कलमं ती अक्षरशः बोडकी करते. मी काटोलला गेले की या विषयावर गप्प बसते.

*

सिव्हिल लाइन्स, बीएस्सी तिसरं वर्ष

आमच्याकडे राखी धनेश. जुने वड, पिंपळ, उंबर अजून उभे आहेत म्हणून तो आहे. उंबर पिकला की सकाळी सहाला हजर. फळ चोचीच्या टोकात धरायचं, वर उडवायचं आणि घशात घ्यायचं. त्याची मादी ढोलीत शिरून तोंड आतून लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो, हे पुस्तकात वाचलं होतं. नराला एकाच ढोलीकडे पुन्हा पुन्हा जाताना पाहिलं तेव्हा ते खरं वाटलं.

पण मुलीने दुर्बीण घेऊन अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसमोर उभं राहणं म्हणजे चौकशी आलीच. "काय पाहून राहिली बाप्पा एवढं?" गार्डकाकांनी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा दुर्बीण त्यांच्याच हातात दिली. आता ढोलीची खबर मला तेच देतात, आणि इतर कोणी तिथे रेंगाळलं की हाकलतात.

*

बेसा, सिव्हिल इंजिनिअर (पक्षी फक्त हौसेपोटी)

इकोलॉजिस्ट नाही, पण लिहितो. आमच्या साइटच्या बाजूच्या मुरमाच्या प्लॉटवर टिटवीने अंडी घातली. चार. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारून केलेली खोलगट जागा. अंडी मुरमाच्याच रंगाची, ठिपकेदार. नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू. मला वाटे ती अंडी उबवते आहे. नीट पाहिल्यावर कळलं, दुपारी ती अंड्यांवर सावली धरून उभी असते. आणि क्युरिंगचं (नव्या काँक्रीटवर मारलेलं) पाणी साचलेल्या खड्ड्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते, मग ओलं पोट अंड्यांवर टेकवते. एक उठली की दुसरा येतो. आपण घरात कुलरला पाणी नाही म्हणून भांडतो.

मजुरांनी स्वतःहून चार विटा उभ्या करून जागा राखली. ट्रॅक्टरवाला तेवढा वळसा घ्यायचा. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालायला लागतात. एक सकाळी आलो तर खड्डा रिकामा आणि पलीकडच्या गवतात आई-बाप डोक्यावर ओरडत होते. त्या प्लॉटवर आता फ्लॅट स्कीम आहे. आमचीच.

*

महाल

वाड्याच्या भिंतीत पिंगळ्याची जोडी. संध्याकाळी खांबावरच्या दिव्याखाली किडे टिपतात. आजी त्यांना शिव्या घालते आणि ते आजीकडे मान वर-खाली करून बघतात. बस, एवढंच.

*

नाव नको, सर्व्हेवाला

हौस ठीक, पोटाचं बोला. एमएस्सीनंतर मी प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी पक्षी मोजतो, रोजावर. एका तलावाची पाहणी मला मेमध्ये दिली. बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, मार्चपर्यंत निघून जातात. थापट्या, तलवार बदक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, यांतलं मेमध्ये काय दिसणार? मी हिवाळ्यात पुन्हा पाहणी करा असं लिहून दिलं. अहवालात ती ओळ नव्हती. तेव्हापासून अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव मी स्वतःच्या वेळात करतो आणि नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाकतो. तिथली ओळ तरी कोणी खोडत नाही. नवीन पोरांना सांगणं एवढंच: रोजच्या नोंदीत तारीख, वेळ, आकडा लिहा. 'भरपूर बगळे' याला काही अर्थ नाही.

*

सेमिनरी हिल्स

जूनच्या तोंडावर नवरंग येतो, दक्षिणेकडून. दोन सुरांची शीळ, पहाटे आणि तिन्हीसांजेला. पाचोळ्यात उड्या मारत किडे-गांडुळं वेचतो. त्याला बघायला माझी ना नाही. पण मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून फोटोसाठी उघड्यावर बोलावणं बंद करा. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. घरटं सोडून तो भांडायला येतो, आणि तुमच्या स्पीकरमध्ये कोणी नसतंच.

(यावर गोधनीहून: "एकदोनदा वाजवल्यानं काय होते भाऊ?" त्यावर सेमिनरी हिल्सचं उत्तर: तुम्ही एकदा वाजवता. रविवारी तिथे वीस कॅमेरे असतात. प्रत्येकजण एकदाच वाजवतो.)

हा वाद इथेच थांबवते. मी शीळ वाजवू नका म्हणणाऱ्या भाऊंच्या बाजूने.

*

नंदनवन, पीएचडी

मी चतुरांवर काम करते, म्हणजे लोकांच्या मते 'हेलिकॉप्टर'वर. आमच्या गच्चीवर सिमेंटचं उघडं टाकं आहे. त्यात चतुराची पिल्लं सापडली. मातकट, चपटी, तळाशी दबा धरून. डासाची अळी जवळ आली की खालचा ओठ घडी उलगडून झटक्यात पुढे येतो, टोकाला आकडे, आणि अळी गायब. श्वास घेतात शेपटीकडच्या कल्ल्यांनी. घाबरली की तिकडूनच पाण्याची चिळकांडी सोडून पुढे सटकतात. डेंग्यूच्या तपासणीला आलेले भाऊ म्हणाले, टाकं रिकामं करा. मी त्यांना पांढऱ्या वाटीत हा खेळ दाखवला. ते म्हणाले, "हे भारी आहे, पण कुलर तरी उपसा." बरोबर होतं त्यांचं. बंद कुलरमध्ये चतुर शिरत नाही, एडिस डास शिरतो.

पावसानंतर मैदानावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर दिसतात ना, ते पँटाला. वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि ही जात हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे "घेऊन जा गे मारबत" ओरडत डास-माशांना गावाबाहेर काढतात, तेव्हा चतुरांना तेवढं वगळा अशी माझी विनंती आहे.

*

मानेवाडा

संक्रांतीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी आहे. तरी जानेवारीत घारी, बगळे झाडाला लटकलेले सापडतात. ओढू नका. आधी दोन्ही बाजूंनी मांजा कापा, पक्षी कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा, पाणी पाजू नका, आणि सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला) न्या.

*

प्रतापनगर

एक शंका. आमच्या प्लग पॉइंटच्या भोकात कोणीतरी माती भरून राहिलं आहे. काढली की दुसऱ्या दिवशी पुन्हा.

(शंकेला उत्तर: गांधीलमाशीच्या कुळातली मादी आहे, आणि ती माणसाला डंख मारत नाही सहसा. तोंड लिंपायच्या आत मेन स्विच बंद करून टॉर्च मारून बघा. बेशुद्ध अळ्या भरल्या असतील तर कुंभारीण माशी. कोळी असतील तर तिची चुलतबहीण. तिच्या पिल्लाची शिदोरी आहे ती. मेलेली कुजली असती, म्हणून डंखाने फक्त लुळी केलेली.)

पाहिलं. कोळीच. हिरवट, सात-आठ तरी. बायकोला दाखवले. इस्त्री सध्या दुसऱ्या खोलीत करून राहिलो.