मदत हवी आहे: 'डिसरिगार्ड'चा अर्थ नेमका काय घ्यायचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. परदेशी गिऱ्हाइकांचे मेल माझ्याकडेच येतात. बिला-चलनापुरतं इंग्रजी जमतं, पुढे अडतं.

एकाची ऑर्डर आली होती: बाथ टॉवेल, ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन), निळी बॉर्डर. काल त्याचाच मेल, 'प्लीज डिसरिगार्ड अवर अर्लियर मेल. रिव्हाइज्ड शीट अटॅच्ड.' नव्या शीटमध्ये ५०० जीएसएम आहे आणि बॉर्डरच्या रंगाचा रकाना कोरा. मोबाइलवर अर्थ बघितला तर 'दुर्लक्ष करणे, अनादर करणे'. मालकांना सांगितलं, तर ते म्हणतात, "अनादर? आपण काय केलं बे त्यांचं?"

ऑर्डर रद्द झाली की बदलली? बॉर्डरचं सूत निळ्या रंगाईला गेलंय. आणि सरळ 'इग्नोर' का नाही लिहिलं? खाली 'कार्टन मार्किंग (खोक्यांवरचा मजकूर) सीम्स टु हॅव बीन ओव्हरलुक्ड' असंही आहे. हा आमच्यावर ठपका आहे का?

प्रतिसाद:
दोन्हीचा अर्थ एकच हो. जुना मेल डिलीट मारा, नव्याप्रमाणे माग लावा.

प्रतिसाद:
डिलीट अजिबात करू नका! मी इंग्रजी शिकवते, म्हणून जरा सविस्तर. 'रिगार्ड' म्हणजे विचारात घेणं, 'डिसरिगार्ड' म्हणजे न घेणं. पत्रव्यवहारात त्याचा अर्थ 'आधीचं जमेस धरू नका' एवढाच, त्यात राग नाही. अनादराची छटा येते ती कुणी नियम किंवा धोका जुमानत नाही तेव्हा. 'डिसरिगार्ड फॉर सेफ्टी' म्हणजे सुरक्षिततेची पर्वा नसणं.

'प्लीज इग्नोर'ही चालतं, बिल भरलं असेल तर इग्नोर करा असे मेसेज येतातच. पण 'ही इग्नोर्ड माय मेल' म्हटलं की तक्रार झाली: बघूनही उत्तर दिलं नाही. गंमत म्हणजे याचं लॅटिन मूळ 'माहीत नसणे' असं आहे. इंग्लंडमध्ये ग्रँड ज्युरीला, म्हणजे खटला चालवावा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांना, पुरावा अपुरा वाटला की आरोपपत्रावर 'इग्नोरेमस' लिहीत, म्हणजे 'आम्हाला माहीत नाही'. पुढे तो शब्द अडाण्यासाठी वापरायला लागले.

'ओव्हरलुक्ड' म्हणजे नजरेतून सुटलं. त्यात 'सीम्स' घातलंय, म्हणजे सौम्यपणे सांगितलंय. 'निग्लेक्टेड' असतं तर हयगय केल्याचा ठपका झाला असता. मात्र सिद्धेश्वर तलावाकाठच्या खोलीला कुणी 'ओव्हरलुकिंग द लेक' म्हटलं, तर तिथून तळं दिसतं असा उलटाच अर्थ!

प्रतिसाद:
शब्दाचं झालं, आता धंद्याचं बोलतो, निर्यातीतच आहे. मेल जमेस धरू नका म्हणजे ऑर्डर रद्द असं नव्हे. पीओ (परचेस ऑर्डर) नंबर बघा. तोच असेल तर बहुतेक बदललेली ऑर्डर आहे, तरी लेखी विचारून घ्या. रंगाईवाल्याला आत्ता फोन करून थांबवा, रंगलेलं सूत परत पांढरं होत नाही. कोऱ्या रकान्यात निळाच असेल असं धरून चालू नका. जीएसएम वाढलं की सूत जास्त लागतं, तेव्हा जुन्या दरात हो म्हणू नका. आणि जुना मेल जपा, रंगाईच्या खर्चाची बोलणी निघाली तर तोच पुरावा.

मूळ प्रश्नकर्ता:
पीओ नंबर तोच आहे, पुढे 'आर १' जोडलंय. रंगाई थांबवली. आता उत्तरात 'वुई हॅव डिसरिगार्डेड युवर अर्लियर मेल' लिहू का?

प्रतिसाद (शिक्षिका):
एवढंच लिहिलंत तर तुम्हीच त्यांचा मेल धुडकावल्यासारखं वाटेल. पुढे 'अ‍ॅज अ‍ॅडव्हाइज्ड' तरी जोडा. त्यापेक्षा 'वुई हॅव नोटेड द रिव्हाइज्ड शीट' बरं, आणि त्याच मेलमध्ये बॉर्डरचा रंग विचारा.

प्रतिसाद:
दराचंही त्याच मेलमध्ये घाला.