अनुभव धागा : दिशांची उदाहरणे आपण कशी सोडवता?

बुद्धिमत्ता चाचणीतील दिशांवरची उदाहरणे वाचताना सोपी वाटतात आणि सोडवताना निसरडी ठरतात. त्यांचे नियम पुस्तकांत सापडतात. येथे प्रत्येकाने आपली स्वतःची रीत आणि ती नेमकी कोठे उपयोगी पडते, ते लिहावे, ही विनंती.

एक परीक्षार्थी
कागदाची वरची कड म्हणजे उत्तर, हे एकदा ठरवले की परीक्षा संपेपर्यंत कागद फिरवायचा नाही, एवढी शिस्त मी पाळते. दक्षिणेकडे चालणारा माणूस उजवीकडे वळला की आकृतीतली रेघ आपल्या डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेकडे जाते आणि तेथेच पेन अडखळते. म्हणून मी उजवे-डावे आकृतीवरून ठरवत नाही. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम या क्रमात उजवे वळण म्हणजे एक घर पुढे आणि डावे वळण म्हणजे एक घर मागे, असे मोजते.

बुद्धिमत्ता चाचणीचे एक शिक्षक
आकृती बिनचूक काढूनही गुण जातात, ते प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवर. समजा, एक मुलगी उत्तरेकडे १० मीटर चालते, उजवीकडे वळून ६ मीटर जाते आणि पुन्हा उजवीकडे वळून १८ मीटर जाते. आता ती मूळ जागेच्या ८ मीटर दक्षिणेला व ६ मीटर पूर्वेला आहे. ६, ८, १० हे पायथागोरसचे त्रिकुट ओळखीचे असल्यामुळे सरळ अंतर १० मीटर, हे चटकन सुचते. एकूण चाल ३४ मीटर झाली आणि घाईत असलेल्यांसाठी हा आकडाही पर्यायांत ठेवलेला असतो. दिशेचे त्याहून अवघड. मूळ जागेपासून ती आग्नेयेला आहे, तिच्यापासून मूळ जागा वायव्येला आहे आणि तिचे तोंड दक्षिणेकडे आहे. आकृती एकच, पण प्रश्न बदलला की उत्तर बदलते. ज्याच्यापासून दिशा विचारली आहे, त्या बिंदूवर पेन्सिलीचे टोक टेकवावे आणि मगच दिशा वाचावी, असा माझा आग्रह असतो.

एक अभियंता
काटेकोरपणे पाहिले तर वरच्या उदाहरणातील दिशा नेमकी आग्नेय नाही. ८ आणि ६ समान नसल्यामुळे ती दक्षिणेकडे झुकते. पर्यायांत आठच दिशा असतात, तेव्हा हा वाद परीक्षागृहाबाहेर घालावा. माझी सूचना इतकीच की, फक्त शेवटी तोंड कोठे आहे असे विचारले असेल, तर अंतरे वाचूच नयेत. डावी-उजवी वळणे जोडीजोडीने रद्द करावीत आणि उरलेल्या वळणांचा तेवढा हिशोब करावा.

भूगोलाच्या एक शिक्षिका
सावलीच्या उदाहरणांत सकाळची सावली पश्चिमेकडे आणि संध्याकाळची पूर्वेकडे धरतात. सकाळी दोन मैत्रिणी समोरासमोर उभ्या आहेत आणि पहिलीची सावली तिच्या उजव्या हाताला पडली आहे, तर तिचा उजवा हात पश्चिमेला, म्हणून तोंड दक्षिणेला. दुसरीचे अर्थातच उत्तरेला. प्रत्यक्षात सूर्य अगदी पूर्वेला उगवतो तो विषुवदिनांच्या सुमारास, आणि दुपारी सावली नाहीशी होणे फक्त कर्कवृत्त ते मकरवृत्त या पट्ट्यातच घडते. ही माहिती असणाऱ्या विद्यार्थ्याने चाचणीपुरती ती बाजूला ठेवलेली बरी.

आणखी एक परीक्षार्थी
मला फिरवलेल्या दिशांची उदाहरणे सर्वांत आवडतात. आग्नेयेला उत्तर म्हटले आणि ईशान्येला पश्चिम म्हटले, तर पश्चिमेला काय म्हणावे? येथे आठ दिशांचे चक्र काढून घरे मोजतो. आग्नेयेपासून उत्तरेपर्यंत उलट्या दिशेने तीन घरे, म्हणजे १३५ अंश. पश्चिमेपासूनही तशीच तीन घरे मागे गेलो की नैर्ऋत्य, दक्षिण आणि मग आग्नेय, हे उत्तर. घड्याळाचे उदाहरणही असेच सुटते. साडेचार वाजता मिनिटकाटा पूर्वेला दाखवत असेल, तर सहाचा आकडा पूर्वेला आहे. तासकाटा चार आणि पाचच्या मध्ये, त्याच्या ४५ अंश मागे असल्यामुळे तो ईशान्येला येतो. दिशा फिरवलेल्या उदाहरणात दिलेली दुसरी जोडी वाया घालवू नये. पहिल्या जोडीवरून काढलेला फरक तिच्यावर ताडून पाहिला की घरे उलट्या बाजूने मोजली गेली असतील, तर ते उत्तर लिहिण्यापूर्वीच कळते.